एकच वस्तू, एकदाच: भुयारातल्या खेळांमधली शस्त्रं आणि त्यांच्या अटी

(एरंडोल इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आजचा विषय फलकावर वाचून पुढच्या रांगेतले एक काका मघाशी मला म्हणाले, "पोरांच्या खेळावर व्याख्यान? आम्ही काय करायचं बसून?" मी म्हटलं, काका, दहा मिनिटं बसा, विषय तुमच्याच गावातून सुरू होतो. ते बसलेत. तेव्हा आधी गावाचं बोलतो.

आपलं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. हा मान सांगणारी गावं देशात आणखीही आहेत, बंगालमध्ये आहेत, बिहारमध्ये आहेत. तो वाद आज आपल्याला सोडवायचा नाही. गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. पांडव ब्राह्मणाच्या वेषात इथं राहिले. गावानं बकासुराला गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा असं ठरलेलं. एके दिवशी यजमानाच्या घराची पाळी आली, भीम गाडा घेऊन गेला आणि बकासुराच्या डोळ्यांदेखत ते सगळं अन्न स्वतःच खाऊन बसला. पद्मालयाच्या परिसरात हे घडलं, असं इथं सांगतात.

आता यातली एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात राहत नाही. आदिपर्वात या कथेच्या लगेच आधी काय येतं? हिडिंबा येते. भीमाचं हिडिंबेशी लग्न, घटोत्कचाचा जन्म आणि मग पांडवांचं एकचक्रेत येणं. म्हणजे भीम या गावात आला तेव्हा तो नुकताच बाप झालेला होता. आठवण काढाल तेव्हा येईन, असं सांगून तो मुलगा मागे राहिला. पुढे कुरुक्षेत्रावर चौदाव्या दिवसाच्या रात्री तो लढायला उभा राहिला आणि त्यानं कर्णाकडची एक वस्तू संपवली. इंद्रानं दिलेली वासवी शक्ती. जगात एकच. एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी राखून ठेवलेली.

मंडळी, आजचा विषय म्हणजे ती वस्तू.

संगणकावर भुयारात उतरण्याचे जे खेळ आहेत, त्यांत अशा एकमेव वस्तू असतात. खेळणारी मुलं त्यांना 'युनिक' म्हणतात, 'आर्टिफॅक्ट' म्हणतात. त्या कशा बनवतात, एकमेव कशा राहतात आणि ते एकमेवपण मोडलं की काय होतं, हे आज सांगतो. शेवटी थोडं पैशाचंही बोलायचं आहे, कारण इथं बसलेल्या काही आईवडिलांच्या खात्यातून तो पैसा जातो.

भुयाराचा खेळ म्हणजे काय

साधारण 1980 साली कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन तरुणांनी एक खेळ लिहिला. नाव 'रोग'. घाबरू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ लफंगा, भटक्या असा होतो. त्यात चित्रं नव्हती. पडद्यावर सगळी अक्षरं आणि चिन्हं. ईमेलच्या पत्त्यात मध्ये जे 'ॲट'चं चिन्ह असतं ना, ते म्हणजे तुम्ही. इंग्रजी मोठी अक्षरं म्हणजे राक्षस. जिने उतरत खाली जायचं, सव्विसाव्या मजल्यावर ठेवलेला 'येंडोरचा ताईत' घ्यायचा आणि जिवंत वर यायचं. येंडोर हे नाव ऐकून एरंडोल आठवलं तर दोष माझा नाही. 'रॉडनी' हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की येंडोर होतं.

या खेळाचे दोन नियम महत्त्वाचे. पहिला, भुयार दर वेळी नवं. खोल्या कुठे, जिना कुठे, तलवार कुठे, हे सगळं संगणक फासे टाकून ठरवतो. दुसरा, मेलात की संपलं. जुना डाव परत उघडता येत नाही, पहिल्या मजल्यापासून सुरुवात. या दोन नियमांवर पुढे खेळांचं मोठं घराणं उभं राहिलं. 1987 चा 'नेटहॅक', इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात 1990 मध्ये सुरू झालेला 'अँगबँड', 1997 मधला 'डन्जन क्रॉल', ज्याची 'स्टोन सूप' नावाची आवृत्ती 2006 पासून स्वयंसेवक चालवताहेत. हे तिन्ही आजही फुकट मिळतात आणि त्यांची आतली आज्ञावली कुणालाही वाचता येते. मोठ्या बाजारात हाच प्रकार चित्रं, आवाज घालून नेला तो 'डायब्लो'नं, 1996 च्या अखेरीस.

या भुयारात वस्तू दोन प्रकारच्या. पहिल्या फाशांच्या. तलवार निघते, फासे तिला थोडी धार देतात, थोडी कमी-जास्त करतात. अशा तलवारी डावात शेकड्यानं सापडतात. दुसऱ्या नावाच्या. त्यांना नाव असतं, ठरलेले गुण असतात आणि एका डावात ती वस्तू एकदाच येते. सगळ्या गोष्टी घडतात त्या या दुसऱ्या प्रकाराभोवती.

संगणकाला 'एकच' कळत नाही

आता थोडं तंत्राचं. एरंडोल एके काळी हातकागदासाठी ओळखलं जायचं. जुन्या गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. हातानं कागद करणाऱ्याला विचारा, एकासारखा दुसरा ताव निघतो का? नाही निघत. एखाद्यात धागा राहतो, एखादा कडेला जाड होतो. तिथं प्रत्येक ताव आपोआप एकमेव असतो, दोन ताव सारखे काढायचे म्हटलं तर कसब लागतं. संगणकाचं बरोबर उलटं आहे. तिथं नक्कल फुकट आणि तंतोतंत. तलवार म्हणजे आकड्यांची एक ओळ. ती ओळ दोनदा लिहिली की दोन तलवारी झाल्या, आणि पहिली कोणती, दुसरी कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मग एकच तलवार एकच ठेवायची कशी? उत्तर फार साधं आहे. एक नोंदवही ठेवायची. खेळाच्या आत सगळ्या नावाच्या वस्तूंची यादी असते आणि प्रत्येक नावासमोर एक रकाना: ही वस्तू या डावात निर्माण झाली का? हो किंवा नाही. फाशानं ते नाव काढलं की खेळ आधी रकाना बघतो. 'नाही' असेल तर वस्तू बनवतो आणि तिथं 'हो' लिहितो. 'हो' असेल तर दुसरं काहीतरी देतो. संपलं. एक्सकॅलिबर असो नाहीतर आणखी कुठली तलवार, तिचं सगळं एकमेवपण त्या 'हो'मध्ये असतं. तलवारीत ते कुठंच नसतं.

खऱ्या जगात हे किती अवघड आहे बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे होती, इथपर्यंत साखळी लागते. पण महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरली ती हीच का, हे खात्रीनं सांगता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. खऱ्या जगात वस्तू समोर असते आणि नोंद शोधावी लागते. संगणकात आधी नोंद असते, वस्तू तिच्या मागून येते.

'नेटहॅक'मध्ये या नोंदवहीचा एक गमतीदार उपयोग केलाय. त्यात 'स्टिंग' नावाचा खंजीर आहे, टॉल्किनच्या कादंबरीतला. तो शोधायलाच हवा असं नाही. यक्षांचा साधा खंजीर मिळाला की त्याला तुम्ही स्वतः 'स्टिंग' असं नाव देऊ शकता आणि नाव दिलं की तो खरोखर स्टिंग होतो. पण डावात स्टिंग आधीच निर्माण झालेला असेल आणि तुम्ही दुसऱ्या खंजिरावर तेच नाव कोरायला गेलात, तर खेळ सांगतो की कोरताना तुमचा हात घसरला. नावात एक अक्षर चुकतं आणि खंजीर साधाच राहतो. नोंदवहीनं दिलेला नकार हातावर ढकलला, बघा.

त्याच खेळात शेवटचा ताईत शोधताना नकली ताईतही सापडतात. दिसायला हुबेहूब. नीट पारख केल्यावर कळतं की ही प्लास्टिकची स्वस्त नक्कल आहे. आपल्या बाजारात फिरलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

मोठेपण ताकदीत नसतं

आता मुख्य मुद्दा. मुलांना विचारलं, एकमेव वस्तू भारी का? तर म्हणतात, "सर, पॉवर जास्त असते." थोडं खरं आहे. पण नुसती ताकद वाढवायची तर आकडा वाढवून काम होतं, त्याला नाव कशाला हवं? चांगल्या खेळांतल्या नावाच्या वस्तू बारकाईनं बघितल्या की दिसतं, त्या तुमच्याकडून काहीतरी मागतात. मोठेपण त्या मागण्यात आहे. म्हणजे अटीत आहे.

'नेटहॅक'मधली एक्सकॅलिबर घ्या. ती मिळवायला लांब तलवार कारंज्यात बुडवायची. पण तुमची पातळी किमान पाच हवी. शिवाय तुम्ही धर्माच्या, न्यायाच्या बाजूचे हवेत. नसाल तर तलवार मिळत नाहीच, उलट हातातली तलवार शापित होऊन बसते.

दुसरी 'स्टॉर्मब्रिंगर'. मायकेल मूरकॉक या लेखकाच्या कथांमधून आलेली काळी तलवार. शत्रूचा जीव शोषून तुम्हाला देते. पण एरवी वाटेत कुणी शांतपणे जाणारा प्राणी आला, तर खेळ आधी विचारतो, खरंच मारायचं का? ही तलवार हातात असली की तो प्रश्न येत नाही. तुम्ही नुसतं पाऊल टाकलंत तरी तलवार वार करून मोकळी. ताकद मिळाली, पण थांबायचा हक्क गेला.

'डन्जन क्रॉल'मध्ये एक गाणारी तलवार आहे. उत्तम शस्त्र. पण ती गाते. तिच्या आवाजानं झोपलेले राक्षस उठतात. चोरपावलांनी जाणाऱ्यानं तिचं काय करायचं?

आणि 'नेटहॅक'चा तो येंडोरचा ताईत, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप. तो हातात आला की मंत्राला जास्त शक्ती खर्ची पडते, वर चढताना एक अदृश्य जोर तुम्हाला पुन्हा खाली ढकलतो. सगळ्यात मौल्यवान वस्तू हीच सगळ्यात मोठं ओझं.

आता काका, तुमच्याकडे येतो. हे सगळं आपल्याला नवीन आहे का? ब्रह्मास्त्र घ्या. अश्वत्थाम्याला सोडता येत होतं, मागे घेता येत नव्हतं. अर्जुनाला दोन्ही येत होतं. अस्त्र तेच, फरक माणसात. सूर्यानं युधिष्ठिराला दिलेली थाळी घ्या. अन्न संपत नाही, पण कधीपर्यंत? द्रौपदी जेवेपर्यंत. ती अट नसती तर दुर्वासाच्या गोष्टीत जीवच उरला नसता. कर्णाची कवचकुंडलं घ्या. जन्मासोबत आलेली, अंगाचा भाग. ती द्यायची तर अंगावरून कापूनच द्यावी लागतात.

आणि अश्वत्थाम्याचा मणी तर आपल्या खानदेशाचा विषय. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत लोक चढून जातात. कपाळावरचा मणी काढून घेतला, जखम राहिली, आणि तो चिरंजीव त्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असं आपल्याकडे मानतात. मी लहान असताना आजी सांगायची तेव्हा मला भीती मण्याची कधी वाटली नाही. भीती वाटायची ती मणी गेल्यावर उरलेल्या जागेची. खेळ लिहिणाऱ्यानं हे एवढं एक शिकलं तरी पुष्कळ आहे: वस्तू काढून घेतल्यावर खूण राहिली पाहिजे.

याचा उलटा पुरावाही देतो. 'अँगबँड' आणि 'डन्जन क्रॉल' या दोन्हींमध्ये फाशांनी बनवलेल्या एकमेव वस्तूही असतात. संगणक अक्षरं जुळवून नाव देतो, फाशांनी गुण देतो. ती वस्तू अक्षरशः जगात एकच असते. तुमच्याशिवाय कुणी ती पाहिलेली नसते, पुढे कुणी पाहणारही नाही. मग तिची सगळ्यात जास्त किंमत वाटायला हवी ना? तसं होत नाही. डाव संपला की तिचं नावही आठवत नाही. आणि गाणारी तलवार, जी हजारो लोकांना आपापल्या डावात मिळालेली आहे, तिच्याबद्दल माणसं वर्षानुवर्षं बोलतात. म्हणजे नुसतं एकटं असणं पुरत नाही. ती वस्तू दुसऱ्यालाही माहीत हवी आणि तिच्यापायी प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलेलं हवं. मग बोलायला विषय होतो.

राखून ठेवलेली वस्तू

एकदाच वापरता येणाऱ्या वस्तूंची आणखी एक तऱ्हा आहे. इथं जी मुलं खेळतात त्यांनी खरं सांगा: जपून ठेवलेलं औषध, जपून ठेवलेला मंत्र पिशवीत तसाच ठेवून किती वेळा मेलात? हात वर करा. बघा, बरेच आहेत. मीही आहे.

कारण एकदाच वापरायची वस्तू रोज एक प्रश्न विचारते: आता? की पुढे याहून मोठं संकट येईल तेव्हा? पुढचं संकट नेहमीच मोठं वाटतं. म्हणून हात आखडतो.

कर्णाचं नेमकं हेच झालं. वासवी शक्ती अर्जुनासाठी होती. समोर अर्जुन आलाही, तरी ती सुटली नाही. मग त्या रात्री कृष्णानं घटोत्कचाला कर्णावर पाठवलं. रात्रीची वेळ, राक्षसाची माया, कौरवांचं सैन्य मरतंय, सगळे कर्णाला ओरडून सांगताहेत की शक्ती सोड. उद्या अर्जुन मारायला आपण जिवंत राहिलो तर पाहिजे ना! हिशेब चुकीचा नव्हता. कर्णानं ती सोडली, घटोत्कच पडला, शक्ती इंद्राकडे परत गेली. पांडव रडत होते आणि कृष्णाला आनंद झाला होता, असं व्यासांनी लिहून ठेवलंय. इतरांना मेलेला मुलगा दिसत होता, कृष्णाला कर्णाचा रिकामा हात.

आणि तो मुलगा कोण? ज्याचा बाप आपल्या गावात गाडाभर अन्न खाऊन एका ब्राह्मणाचं घर वाचवून गेला होता, त्याचा. मला नेहमी वाटतं, बकासुराला गावानं रोज एक माणूस द्यायचा आणि कर्णाच्या शक्तीला एक माणूस द्यायचा, हे दोन्ही हिशेब एकाच जातीचे आहेत. भीमानं पहिला मोडला. दुसरा त्याच्याच घरावर आला.

नोंदवही फाटली की

आता एक खरी घडलेली गोष्ट, म्हणजे एकमेवपण कसं नासतं ते कळेल. 'डायब्लो'चा दुसरा भाग 2000 साली आला. इंटरनेटवर लाखो लोक एकत्र खेळायचे. त्यातल्या 'युनिक' वस्तू एका डावात एकदाच पडत, पण डाव हजारो चालू असत. म्हणजे शब्द 'युनिक' असला तरी वस्तू जगात पुष्कळ होत्या. त्यातली एक अंगठी, 'स्टोन ऑफ जॉर्डन'. सगळ्यांना उपयोगी, पिशवीत एकच घर अडवणारी. खेळातल्या सोन्याला फारशी किंमत राहिली नव्हती, म्हणून लोक या अंगठीलाच चलन मानू लागले. अमक्या चिलखताला इतक्या अंगठ्या, असा भाव चालायचा.

मग लोकांनी चोरवाटा शोधल्या. सर्व्हरची नोंद आणि खेळाडूची नोंद यांचा मेळ मुद्दाम चुकवायचा, म्हणजे एकाच अंगठीच्या दोन होतात. नकली अंगठ्यांचा पूर आला. नकली म्हणतो, पण खऱ्या आणि नकलीत फरक काहीच नव्हता. आकड्यांची ओळ तीच.

2003 मध्ये कंपनीनं सुधारित आवृत्ती काढली आणि तीत एक मजेशीर तोड होती. लोकांनी या अंगठ्या खेळातल्या दुकानदाराला विकायच्या. सर्व्हरवर पुरेशा अंगठ्या विकल्या गेल्या की एक भयंकर डायब्लो प्रकट होणार, आणि त्याला मारलं की 'अनाइहिलस' नावाची एक लहानशी वस्तू मिळणार. ती एका पात्राला एकच बाळगता येणार. म्हणजे गावभर झालेल्या खोट्या नोटा होळीत टाका, बदल्यात एक नारळ घ्या. त्या वस्तूचा हव्यास लावून नकली माल बाजारातून ओढून घेतला. नवीन एकमेव वस्तू मात्र पुन्हा एका अटीवर उभी केली.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न (एक पालक ताई): माझा मुलगा आठवीत आहे. मोबाईलवर पेट्या उघडतो, त्यासाठी पैसे मागतो. म्हणतो, "आई, एकदम रेअर वस्तू आहे, शंभर पेट्यांत एक निघते." आम्ही काय समजायचं?*

ताई, आधी गणित सांगतो. समजा पेटीत ती वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलाला वाटतं, शंभर पेट्या उघडल्या की निघणारच. तसं नसतं. प्रत्येक पेटीला फासा नव्यानं पडतो, मागचं त्याला आठवत नाही. शंभर माणसांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर साधारण त्रेसष्ट जणांना ती वस्तू मिळते आणि सदतीस जणांना नाही. दोनशे-दोनशे उघडल्या तरी तेरा जण रिकाम्या हाती राहतात. पेटी पन्नास रुपयांची धरली तर दोनशे पेट्यांचे दहा हजार झाले. हा हिशेब मुलासोबत कागदावर मांडा. रागावू नका, मांडा.

दुसरं, ती वस्तू 'रेअर' कशामुळे आहे? कंपनीनं नोंदवहीत तसं लिहिलंय म्हणून. उद्या त्यांनी शंभरात एकऐवजी शंभरात दहा लिहिलं, तर एका रात्रीत ती ढिगानं होईल. बनवायला काही लागत नाही. भुयाराच्या जुन्या खेळात अट पूर्ण करायला तुम्हाला डोकं लागतं, वेळ लागतो. पेटीच्या खेळात अट एकच, पैसे. ज्या वस्तूची अट फक्त पैसे आहे, तिला मी आर्टिफॅक्ट म्हणत नाही, तिकीट म्हणतो. चीनमध्ये 2017 पासून कंपन्यांना या शक्यता जाहीर कराव्या लागतात. बेल्जियमनं 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. म्हणजे ही काळजी तुम्हा एकट्याची नाही.

*प्रश्न (महाविद्यालयातला विद्यार्थी): सर, आपल्याकडे एवढी अस्त्रं आहेत, मग आपले खेळ का नाहीत?*

व्हायला लागलेत. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हा खेळ 2020 मध्ये आला. त्यातल्या मुलीला दुर्गेचं त्रिशूळ मिळतं. तो फाशांच्या भुयाराचा प्रकार नाही, पण सुरुवात म्हणून बघा. मी एवढंच सांगेन: तू खेळ करायला घेतलास तर ब्रह्मास्त्राला 'नुकसान नऊ हजार' असा आकडा देऊन थांबू नको. सोडता येतं पण परत घेता येत नाही, ही अट खेळात आण. आकडा कुणीही लिहील. 'अँगबँड', 'नेटहॅक' यांची आज्ञावली उघडी आहे, आजच जाऊन ती वस्तूंची यादी वाच. ज्याला थोडं प्रोग्रॅमिंग येतं त्याला एका संध्याकाळी समजेल.

*प्रश्न (पुढच्या रांगेतले काका): भाऊ, तुनं सगळं आयकं. वस्तू एकच शे, पन ती शे कोनी?*

काका, दहा मिनिटांसाठी बसलेला होतात, आणि सगळ्यात चांगला प्रश्न तुमचाच.

वस्तू एकच आहे, पण आहे कुणाची? फुकटच्या जुन्या खेळात नोंदवही तुमच्या घरच्या संगणकात असते, तुम्ही मेलात की तीही पुसली जाते. तिथं वस्तू त्या डावापुरती तुमची. कंपनीच्या खेळात नोंदवही कंपनीच्या सर्व्हरवर. त्यांनी सर्व्हर बंद केला की तलवार गेली, तुम्ही कितीही पैसे मोजलेले असोत. तुम्ही विकत घेता तो वापरण्याचा परवाना असतो, सातबारा तुमच्या नावावर होत नाही. मुलांनी हे एवढं लक्षात ठेवलं तरी आज बोलल्याचं सार्थक झालं.

आणि महाभारतानंही हाच जबाब दिलाय. गांडीव वरुणाकडून आलं होतं, खांडववन जाळायच्या वेळी अग्नीनं ते अर्जुनाला मिळवून दिलं. कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या बायकांना घेऊन येताना वाटेत दरोडेखोरांनी गाठलं, तेव्हा त्याच अर्जुनाला त्या धनुष्याची दोरी चढवणं जड गेलं. धनुष्य तेच होतं. शेवटच्या प्रवासाला निघाल्यावर अग्नी वाटेत आडवा आला आणि म्हणाला, ते आता वरुणाला परत कर. अर्जुनाला मोह सुटत नव्हता, भावांनी सांगितलं तेव्हा त्यानं ते पाण्यात सोडलं.

तेव्हा काका, वस्तू होती वरुणाची. अर्जुनाकडे होती ती वापरायची पाळी. आपल्या गावात जशी गाड्याची पाळी होती, तशीच.